आघाडी सरकून गेल्यानंतरच्या रात्री

मित्रहो, शीत आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड, येणार अशी बातमी आली की सगळ्यांचे लक्ष तिच्या येण्याच्या वेळेकडे लागते. पाऊस किती, वारा किती, विजा कडाडतील का. मग आघाडी सरकते, आकाश निळेभोर होते आणि लोक म्हणतात, चला, सुटलो. आज मला बोलायचे आहे ते या 'सुटलो'च्या पुढच्या तीन-चार दिवसांबद्दल. मध्य अक्षांशांतल्या प्रदेशांत, पानगळीच्या दिवसांत, कोवळे पीक जाळणारी थंडी आणि रस्ता गिळून टाकणारे धुके ही दोन्ही याच शांत, निरभ्र दिवसांत येतात.

आघाडी हे नाव युद्धाच्या काळातले. पहिल्या महायुद्धात नॉर्वेला ब्रिटनकडून मिळणारी हवामानाची माहिती बंद झाली. समुद्रावरून येणारे वादळ मग कळायचे कसे? विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी 1918 मध्ये बर्गेन शहरातून अंदाजाचे काम सुरू केले आणि पश्चिम नॉर्वेत निरीक्षण केंद्रांचे जाळे खूप दाट केले. या दाट नोंदी नकाशावर मांडताना त्यांचा मुलगा याकोब आणि त्याचे सहकारी यांच्या लक्षात आले, की थंड आणि उबदार हवा एकमेकींत सहजासहजी मिसळत नाहीत. त्यांच्यामध्ये एक अरुंद पट्टा असतो आणि पाऊस, वारा, ढग त्याच्या आसपास गोळा होतात. रणांगणावरच्या आघाड्यांचे नकाशे तेव्हा सगळ्यांच्याच डोळ्यांपुढे होते, तेच नाव या पट्ट्याला मिळाले. मला यातले महत्त्वाचे वाटते ते असे, की केंद्रे जवळजवळ आली तेव्हा ही रेषा दिसली. आजही अंदाज अख्ख्या प्रदेशाचा असतो आणि थंडी मात्र बांधाबांधाला वेगळी असते.

शीत आघाडी उभ्या भिंतीसारखी नसते, पाचरीसारखी असते. जड थंड हवा जमिनीलगत उबदार हवेखाली शिरते. या पाचरीचा उतार साधारण पन्नासास एक ते शंभरास एक. म्हणजे आघाडी तुमच्यापासून शंभर किलोमीटर पुढे गेली, तरी तुमच्या डोक्यावरचा थंड हवेचा थर एक-दोन किलोमीटरच जाड असतो. तो पुढच्या दिवसभरात जाड होत जातो. वायुभारमापकातला पारा चढू लागतो, उत्तर गोलार्धात वारा नैर्ऋत्येकडून वायव्येकडे वळतो आणि हवा कोरडी होते.

आता पहिली रात्र. वारा अजून वाहतो आहे. जमीन आपली उष्णता आकाशात सोडत असते, पण वारा वरची हवा खाली आणि खालची वर ढवळत राहतो, त्यामुळे तापमान फार घसरत नाही. अंगाला बोचरे वाटते आणि लोक समजतात, हीच थंडी. दुसऱ्या दिवशी ऊन पडते, वारा मंदावतो, सगळ्यांना बरे वाटते. आणि त्या रात्री, किंवा तिसऱ्या रात्री, आघाडीमागून येणारे जास्त दाबाचे केंद्र नेमके डोक्यावर येते. वारा पडतो. ढग नाहीत, म्हणजे जमिनीने सोडलेली उष्णता परत पाठवायला वर कोणी नाही. शरदातली रात्र लांबलेली, त्यामुळे हा तोटा बारा-तेरा तास चालतो. खरी कडाक्याची पहाट ही. आघाडीच्या रात्री जागलेला बागायतदार नेमका या रात्री गाढ झोपलेला असतो, याचे मला फार वाईट वाटते.

अशा संध्याकाळी तापमानाच्या बरोबरीने दवबिंदू पाहायला हवा. हवा दवबिंदूपर्यंत गार झाली की बाष्पाचे पाणी होऊ लागते, त्यातून उष्णता बाहेर पडते आणि तापमानाची घसरण मंदावते. समजा सूर्यास्ताला तापमान 10 अंश आहे. दवबिंदू 7 असेल तर रात्र बहुधा दवावर निभावते. तोच उणे 2 असेल, तर घसरण शून्याच्या आधी अडवायला काहीच नाही आणि सकाळी गवतावर हिमकणांचा पांढरा थर दिसू शकतो. संध्याकाळचे तापमान दोन्हीकडे सारखेच!

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. अंदाजातला आकडा जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवरच्या हवेचा असतो. शांत, निरभ्र रात्री गवताच्या पात्यापाशी तापमान त्याहून तीन-चार अंश कमी असू शकते. म्हणजे 'किमान 3 अंश' असे ऐकूनही रोप गोठू शकते. शिवाय थंड हवा पाण्यासारखी उतारावरून ओघळते आणि खोलगट भागात साचते. टेकडीच्या उतारावरची बाग वाचते आणि पायथ्याची करपते, ती यामुळे. वर उबदार आणि खाली गार असा उलटा थर तयार झालेला असतो. म्हणून काही बागांत उंच पंखे लावून वरची हवा खाली आणतात. काही ठिकाणी झाडांवर रात्रभर पाणी फवारतात. एक ग्रॅम पाणी गोठताना 334 ज्यूल उष्णता सोडते आणि ती कळीला शून्याच्या आसपास धरून ठेवते. पण फवारा मध्येच बंद पडला, तर ओलावा उडताना उलट जास्त गारठा होतो. अर्धवट केलेला हा उपाय न केलेल्यापेक्षा वाईट.

मोठ्या सरोवरांकाठी गणित वेगळे. पाणी उन्हाळ्याची ऊब धरून असते. त्याचा पृष्ठभाग आणि सुमारे दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांत 13 अंशांचा फरक पडला, की उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांवर पावसाचे किंवा बर्फाचे पट्टे उठतात. तिथे आघाडीनंतर आकाश उघडतेच असे नाही.

जास्त दाबाचे केंद्र पुढे सरकू लागले, की धुक्याची पाळी. आघाडीच्या पावसाने जमीन ओली, रात्र लांब, वारा जेमतेम. शरदातले ऊन तिरपे आणि अशक्त, म्हणून उन्हाळ्यात तासाभरात विरणारे धुके आता दुपारपर्यंत रेंगाळते. पहाटे गाडी काढणाऱ्याने दरीतला आणि नदीकाठचा रस्ता वेगळा मोजावा.

त्यापुढचे काय, असे मला नेहमी विचारतात. या ऋतूत ध्रुव झपाट्याने गार होतो, विषुववृत्ताकडे ऊब टिकून राहते, जेट प्रवाह, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, जोर धरतो आणि आघाड्या एकामागून एक येऊ लागतात. पुढची आघाडी येणार, एवढे आठवडाभर आधी बऱ्याचदा सांगता येते. तिचा नेमका दिवस मात्र मागेपुढे होतो. म्हणूनच 1992 पासून युरोपीय हवामान अंदाज केंद्रात एकाच अंदाजाऐवजी किंचित वेगवेगळ्या सुरुवातींपासून अंदाजांचा संच चालवला जातो. संचातले बहुतेक अंदाज एकमेकांशी जुळले तर ठाम बोलावे, पांगले तर शक्यता सांगावी. मी प्रदेशाचा अंदाज लिहितो तेव्हा पुढच्या दोन रात्री ठामपणे लिहितो, पाचव्या दिवसाला 'बहुधा' जोडतो आणि दहाव्या दिवसासाठी फक्त कल सांगतो. दोन रात्रींची ती ओळ मात्र मी तापमान, दवबिंदू, वारा आणि ढग असे चारही घालूनच लिहितो.