लमाण आणि माल

श्रोतेहो, नमस्कार.

'झकास' हा शब्द आपण कुणाकडून शिकलो, हे आपल्यापैकी कुणालाच सांगता येणार नाही. चहा झकास होतो, बेत झकास जमतो, लग्नातला मांडव झकास सजतो. सप्टेंबर २०२३ मध्ये मात्र दिल्ली उच्च न्यायालयाने अभिनेते अनिल कपूर यांच्या अर्जावर अंतरिम आदेश देताना त्यांचे नाव, छायाचित्र आणि आवाज यांच्या जोडीला ते ज्या ढंगात 'झकास' म्हणतात तो ढंगही परवानगीवाचून व्यापारासाठी वापरण्यास मनाई केली. पुढच्याच वर्षी, मे २०२४ मध्ये, जॅकी श्रॉफ यांनी त्याच न्यायालयाकडून असेच संरक्षण मिळवले आणि त्यांच्या मागणीत 'भिडू' हा शब्द होता. वाळकेश्वरच्या तीन बत्तीजवळच्या चाळीत वाढलेल्या माणसाच्या तोंडी हा शब्द आला त्यात नवल नाही. विटीदांडूपासून पत्त्यांपर्यंत प्रत्येक खेळात मराठी मुले भिडू वाटून घेतच आली आहेत.

या आदेशांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. यंत्राच्या साहाय्याने कुणाचाही चेहरा आणि आवाज हुबेहूब तयार करता येऊ लागल्यावर नटाने न्यायालयाचा दरवाजा ठोठावावा, हे रास्तच आहे. अमिताभ बच्चन यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये तेच केले होते. मला कुतूहल वाटले ते संरक्षित गोष्टींच्या यादीचे. नाव, चेहरा, आवाज, लकब, तकियाकलाम. ही सारी त्या माणसाची ओळख आहे, आणि बाजारात तिला किंमत आहे म्हणूनच तिची चोरी होते. पण नटाचा धंदा मुळात ही ओळख काही वेळापुरती बाजूला ठेवण्याचा आहे. आजच्या हिंदी आणि प्रादेशिक चित्रपटसृष्टीत अभिनय आणि प्रसिद्धी यांचे जे नाते झाले आहे, त्यातली अडचण नेमकी इथे आहे, असे मला वाटते.

डॉ. श्रीराम लागू यांनी आपल्या आत्मचरित्राला 'लमाण' हे नाव दिले. लमाण म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेणारा माणूस. कान, नाक आणि घशाचे शल्यविशारद असलेल्या, 'नटसम्राट'मधल्या गणपतराव बेलवलकरांना रंगमंचावर पहिल्यांदा उभे करणाऱ्या या नटाने स्वतःचे वर्णन एका ओझे वाहणाऱ्याच्या शब्दात केले: माल लेखकाचा, तो प्रेक्षकांपर्यंत सुखरूप पोहोचवणे एवढे आपले काम. या नम्रतेच्या पोटात मोठा अभिमानही आहे, कारण वाटेत सांडलवंड न करता माल पोहोचवणारा लमाण दुर्मीळच असतो. प्रसिद्धीच्या व्यवहारात मात्र लमाणच माल होऊन बसतो.

हे कसे घडते, ते समजून घ्यायला हवे. चित्रपट काढायला भांडवल लागते, आणि भांडवल देणाऱ्याला चित्रपट तयार होण्याआधी हातात काहीतरी ठोस हवे असते. पटकथा त्याला वाचता येतेच असे नाही, दिग्दर्शकाच्या डोक्यातले चित्र त्याला दिसत नाही. नटाचे नाव मात्र कागदावर लिहिता येते आणि त्या नावावर दूरचित्रवाहिनीचे, संगीताचे आणि इंटरनेटवरच्या प्रदर्शनाचे हक्क आगाऊ विकता येतात. एकदा नाव हेच तारण ठरले की ते सतत चकाकत ठेवणे ओघाने आले. मग विमानतळाच्या दारात आणि व्यायामशाळेच्या पायरीवर 'सहज टिपलेली' छायाचित्रे येतात, आणि त्या सहजतेची खबर छायाचित्रकारांना पुष्कळदा प्रसिद्धी सांभाळणाऱ्या मंडळींनीच दिलेली असते. लहान भूमिकेसाठी चाचणी द्यायला आलेल्या मुलामुलींनाही आता समाजमाध्यमांवर किती अनुयायी आहेत असे विचारले जाते, आणि या प्रश्नाचे कुणाला फारसे आश्चर्य वाटत नाही, हे मला अधिक खटकते.

पूर्वी सारे आलबेल होते, असे मात्र कुणी समजू नये. स्टुडिओंच्या काळात नट पगारी नोकर असत आणि कराराने बांधलेले असत. १९३९ साली शांता आपटे या त्या वेळच्या अत्यंत लोकप्रिय अभिनेत्री-गायिकेने पुण्याच्या प्रभात कंपनीच्या दारात उपोषण केले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून या धंद्यात नटनट्यांची पिळवणूक कशी होते ते परखडपणे मांडले. नटाला स्वतःच्या नावाची किंमत वसूल करता यावी, ही मागणी त्या दृष्टीने न्यायाचीच होती. त्याच प्रभातच्या आवारात १९६० साली शासनाने चित्रपटशिक्षणाची संस्था काढली. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, शबाना आझमी ही मंडळी तिथे शिकली, आणि मधली काही दशके बंद असलेला अभिनयाचा अभ्यासक्रम पुन्हा सुरू झाल्यावर राजकुमार राव आणि जयदीप अहलावत तिथून बाहेर पडले.

नाव आणि नट यांची ओढाताण सर्वांत लख्ख दिसते ती रजनीकांत यांच्यात. बंगळूरच्या एका मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड हा बस कंडक्टर मद्रासच्या चित्रपटसंस्थेत अभिनय शिकतो, १९७५ साली के. बालचंदर यांच्या चित्रपटातून पडद्यावर येतो आणि १९७८ च्या 'मुळ्ळुम मलरुम'मध्ये बहिणीवर जीव टाकणारा, तिरसट, मानी कामगार असा काही उभा करतो की तो चित्रपट पाहिलेल्या कुणालाही या माणसाच्या अभिनयक्षमतेविषयी शंका उरू नये. पुढे सिगारेट हवेत उडवून ओठांत झेलण्याची लकब, चष्मा फिरवण्याची लकब, चालण्याची लकब यांनी त्या नटाला हळूहळू झाकून टाकले. त्यांच्या प्रचंड फलकांना दुधाचा अभिषेक होऊ लागला. आणि तरीही हा माणूस सार्वजनिक समारंभात विरळ केस, पांढरी दाढी अशा रूपात, कसलीही रंगरंगोटी न करता येतो. पडद्यावरचे देवपण पडद्यावरच ठेवून घरी जाण्याची ही रीत मला त्यांच्या अनेक चित्रपटांपेक्षा अधिक मोलाची वाटते. आज पंचविशीतल्या नटालाही ती परवडत नाही, कारण त्याच्या चेहऱ्याला चोवीस तास दुकान उघडे ठेवावे लागते.

याउलट, ज्याचे नावच कुणाला ठाऊक नाही अशा नटाच्या हाती एक मोठे बळ असते. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या चित्रपटात लोकशाहीर नारायण कांबळेची भूमिका वीरा साथीदार यांनी केली. ते नागपूरचे आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते होते, व्यावसायिक नट नव्हते. तो शाहीर न्यायालयात थकून उभा असतो तेव्हा त्या थकव्याआड दुसरा कुणी ओळखीचा चेहरा शोधायची सोयच आपल्याला नसते. त्यांच्यासमोर सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी मात्र राष्ट्रीय नाट्य विद्यालयात रीतसर शिकलेल्या आहेत, आणि पाळणाघरातून मुलाला घेऊन घरी जाणारी, तेलाच्या किमतीविषयी बोलणारी ती बाई त्यांनी अशी रंगवली आहे की तालीम आणि जगणे यांतली सीमारेषा दिसू नये. २०१४ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाला. साथीदार एप्रिल २०२१ मध्ये करोनाने गेले.

इंटरनेटवरच्या मालिकांनीही काही काळ हीच वाट मोकळी केली. २०२० साली 'पाताल लोक'मधला हाथीराम चौधरी हा दमलेला, पोट सुटलेला पोलीस अधिकारी पाहताना जयदीप अहलावत यांची वर्षानुवर्षांची दुय्यम कामे कुणाला आठवली नाहीत. पण या वाटेवरही एक खड्डा आहे. सहायक भूमिकांतून वर आलेला गुणी नट एकदा लोकांच्या तोंडी बसला की त्याच्याकडून तोच विराम, तेच अर्धवट हसू, तोच रेंगाळणारा उच्चार मागितला जातो, आणि काही वर्षांतच तो स्वतःची नक्कल करणारा कलावंत होतो. नावे घेत नाही. श्रोत्यांना दोनतीन तरी लगेच सुचली असतील.

डॉ. लागूंचाच एक चित्रपट या निमित्ताने मला पुन्हा पाहावासा वाटला. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, डॉ. जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला 'सामना'. त्यात एकीकडे साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव आहे, आणि तो साकारणारे निळू फुले एकेकाळी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत असत. दुसरीकडे दारूने खंगलेला, रस्त्यावर आलेला मास्तर आहे, आणि तो साकारणारे गृहस्थ शल्यविशारद. 'मारुती कांबळेचं काय झालं?' एवढेच तो मास्तर विचारत राहतो. पन्नासेक वर्षे झाली, तरी महाराष्ट्रात सत्तेला नकोसा प्रश्न विचारायची वेळ आली की हेच वाक्य अग्रलेखात, भाषणात, चहाच्या टपरीवर हमखास निघते. ते म्हणणाऱ्या कित्येकांनी चित्रपट पाहिलेलाही नसतो. पाहिलेल्यांनाही ते मास्तरांचे म्हणूनच आठवते, डॉक्टरांचे म्हणून नाही.