प्रश्न विहिरीपासून विचारा

मंडळी, येत्या ग्रामसभेत कोणी उठून "पंचायतीने पर्यावरणासाठी काय केलं?" असं विचारलं, तर त्याचं उत्तर आत्ताच सांगता येईल. झाडं लावली, स्वच्छता मोहीम घेतली, यापुढेही करू. मग सभा पुढच्या विषयाकडे जाईल आणि इतिवृत्तात एक ओळ पडेल, 'चर्चा झाली.' आकड्यात, तारखेत किंवा एखाद्या नोंदवहीत उत्तर द्यावं लागेल, असा प्रश्न कसा घडवायचा, तेवढंच आज बोलू.

सुरुवात सार्वजनिक विहिरीपासून करू. आपला कोकणातला जांभा दगड सच्छिद्र आणि भेगाळलेला. पावसाळ्यात वरचं पाणी या भेगांतून नीट न गाळताच खाली उतरतं. गोठ्याचं, शोषखड्ड्याचं, शौचालयाच्या खड्ड्याचं पाणीही त्याच वाटेने विहिरीत येतं. म्हणून टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, नियमाने पडते की नाही हा मोठा प्रश्न आहे.

त्याचं गणित कोणालाही जमेल. विहिरीचा व्यास 3 मीटर आणि पाणी 2 मीटर असेल, तर आत साधारण 14 हजार लिटर पाणी आहे. 33 टक्के क्लोरीन असलेली चांगली पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम धरतात, म्हणजे इथे 35 ग्रॅम. पावसात पाणी गढूळ झालं की जास्त लागते. पावडर बादलीत कालवून लगदा करायचा, पाणी घालून दहा मिनिटं ठेवायची, वरचं पांढुरकं पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली विहिरीत सोडून हलवायची. खाली बसलेला चुना टाकून द्यायचा, त्याने पाणी जड होतं. तासाभराने ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते पाहणारी चाचणी, घ्यायची. नळीत पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे, रंगच आला नाही तर डोस कमी पडला.

बिघडतं ते बहुधा गोणीत. आपल्या दमट हवेत उघडी गोणी ठेवली की क्लोरीन उडून जातो आणि उरतो नुसता चुना. माणूस इमानदारीने रोज मूठभर टाकत असतो, पण त्याचा उपयोग शून्य. म्हणून विचारायचं ते असं: गोणी कधी घेतली? तिच्यात क्लोरीन किती टक्के आहे, तपासणीचा अहवाल कुठे? हवाबंद डब्यात ठेवली आहे का? गेल्या महिन्याची ओटी चाचणीची वही टेबलावर ठेवता का? या चार प्रश्नांना 'प्रयत्न चालू आहेत' हे उत्तर देताच येत नाही.

दुसरा विषय वनराई बंधाऱ्याचा, म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून घातलेल्या तात्पुरत्या बांधाचा. आपल्याकडे साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये वाडीवर टँकर येतो. पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, धार चालू असतानाच अडवलं पाहिजे. जानेवारीत बांधलेला बंधारा फोटोपुरता, कारण तोवर पऱ्या आटलेला असतो. जागा अरुंद हवी, दोन्ही काठ पक्के हवेत. गोण्या काठोकाठ भरू नयेत, नाहीतर एकमेकींवर नीट बसत नाहीत आणि मधून पाणी झिरपतं. विटांसारखे सांधे मोडत रचायच्या, तळाला रुंद, वर अरुंद, आणि फटी मातीने लिंपायच्या.

पण जो प्रश्न सहसा कोणी विचारत नाही तो पुढचा. या सिमेंटच्या रिकाम्या गोण्या प्लास्टिकच्या धाग्याच्या असतात. उन्हात त्या कुजत नाहीत, तुकडे होतात. जूनच्या पहिल्या लोंढ्यात ते धागे खाडीत आणि खाडीतून समुद्रात. म्हणून ठरावातच लिहून घ्या, की मे अखेरीस गोण्या कोण काढणार आणि कुठे ठेवणार.

कचऱ्याचं थोडक्यात. आपल्या वाड्या विखुरलेल्या, पाखाड्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटा, चढउताराच्या. रोज घंटागाडी फिरवणं परवडत नाही. ओला कचरा घरच्या माडाच्या आळ्यातच जिरावा आणि पंचायतीने सुका कचरा ठराविक दिवशी उचलावा. सामुदायिक खत करायचंच असेल तर जमिनीत खड्डा नको, पावसाळ्यात तो तळं होतो. जोत्यावर टाकी आणि वर छप्पर हवं. सुक्याबाबत एकच विचारा: महिन्याला किती किलो गोळा झाला आणि त्यातला किती कोणाला दिला? वजनाची वही नसेल तर तो कचरा कुठे जातो ते पऱ्यात दिसेलच. खाडीकाठी भराव किंवा राडारोडा टाकलेला दिसला तर तो कांदळवनापासून किती अंतरावर आहे ते मोजा. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने कांदळवनाभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही राखायचा आहे.

'निधी नाही' असं उत्तर येईलच. 15व्या वित्त आयोगात 2021-22 पासून पंचायतीच्या निधीपैकी 60 टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच वापरायचा, होता; त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी व पाणी साठवण्यासाठी. तेव्हा विचारा, त्यातला किती आला, किती खर्च झाला, किती शिल्लक? ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर पंचायतीचा आराखडा आणि खर्च दिसतो, तो आधी पाहून या म्हणजे आकडा तुमच्याही हातात असेल.

प्रश्न लेखी द्या. ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी निघते, म्हणून ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले ग्रामसेवक, यांच्याकडे त्याच्याही आधी अर्ज पोचवा आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्या. विषयपत्रिकेत नाही म्हणून विषय टाळला जाऊ नये, एवढ्यासाठी ही खटपट. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत कमी असेल ती. सहाशे मतदारांच्या गावात नव्वद जण लागतात. मुंबईला राहणारे आपले गावकरी सणाला येतात तेव्हाच सभा लावून घेतलीत तर हे सहज जमतं.

आणि सभा उठायच्या आधी आपला ठराव मोठ्याने वाचून घ्या. काम कोणी करायचं, कोणत्या तारखेपर्यंत, पैसे कोणत्या शीर्षातून, या तीनपैकी एक जरी जागा कोरी असेल तर अध्यक्षांची सही होण्यापूर्वी ती भरायला लावा. इतिवृत्ताची प्रत मागूनही मिळाली नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.