प्यायचं पाणी, वापरायचं पाणी आणि घरचा सर्व्हर

(सोलापुरातल्या एका वाचनालयात झालेल्या भाषणाचं शब्दांकन, थोडी काटछाट करून.)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘घरच्या मीडिया सर्व्हरचं अपग्रेड आणि कॉन्फिगरेशन’, म्हणजे घरचे फोटो, व्हिडिओ, पिक्चर साठवून टीव्हीवर-मोबाइलवर दाखवणारं मशीन वाढवायचं आणि नीट लावायचं कसं. एवढं भारदस्त नाव मी दिलेलं नाही, पण आता छापलंय तर तेवढं सांगूच, वेळ उरला तर. मी काही कॉम्प्युटरवाला नव्हे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं काम आहे माझं, त्यामुळे कापसाची पिंज पंख्यात अडकली की मशीन कसं तापतं हे मला इंजिनिअरपेक्षा बरं कळतं.

आता सोलापूरकराला स्टोरेज म्हणजे काय हे कोणी शिकवायचं? आपल्याकडे नळाला रोज पाणी येतंय होय? काही दिवसांआड येतं, तेही कधी पहाटे तीनला. म्हणून प्रत्येक घरात खाली हौद, वर काळी टाकी, मोरीत पिंप, आणि स्वयंपाकघरात झाकण लावलेला एक हंडा. त्या हंड्याला कोणी हात धुवायला जाऊन बघा, घरातली बाई काय बोलते ते. प्यायचं वेगळं, वापरायचं वेगळं, हे आपल्याला पाळण्यात असल्यापासून माहितीये. आणि हाच माणूस कॉम्प्युटरवर बसला की आईच्या आवाजातल्या ओव्या, पोराच्या बारशाचे फोटो आणि दोनशे हिंदी पिक्चर सगळं एका हौदात ओततो. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं त्याची फोड. सर्व्हर वाढवायचा विचार आला की डिस्कचे भाव बघू नका, आधी दोन ढीग करा, परत मिळेल तो एक आणि परत मिळणार नाही तो दुसरा. दुसरा ढीग बघून तुम्हालाच हसू येईल एवढा छोटा निघतो. साध्या घरात फोटो, घरचे व्हिडिओ, कागदपत्रं, जुने आवाज मिळून एक-दोन टीबीत, म्हणजे एक-दोन हजार जीबीत, बसतं. उरलेले दहा-बारा टीबी म्हणजे पिक्चर. ते कुठून आले हे मी बोलत नाही, पुढच्या रांगेत दोन वकील बसलेत.

(हशा.)

आता आमच्या दाजींची गोष्ट. ही मी सगळीकडे सांगतो, दाजींना माहितीये, त्यांची परवानगी आहे, म्हणजे ताईची आहे. दाजी जुळे सोलापूरला राहतात. त्यांच्याकडे जुना डेस्कटॉप, त्यात चार-चार टीबीच्या चार डिस्का, रेड फाइव्ह केलेलं, सगळ्या डिस्का बांधून एक केलेल्या. म्हणजे तीन डिस्कांची जागा वापरायला मिळते आणि कुठलीही एक गेली तरी डेटा शाबूत. बारा टीबी व्हायला पाहिजे तर स्क्रीनवर दहा पॉइंट नऊ दिसतं, त्यावरून दाजी दुकानदाराशी भांडून आलेले. त्यात दुकानदाराची चूक नव्हती. डिस्कवाला एक टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं मोजतो, कॉम्प्युटर १०२४ च्या पटीत मोजतो, नाव दोघं तेच लावतात. म्हणून आठ टीबीची डिस्क घरी आली की ७.२८ होते. गिऱ्हाईकाला मीटर सांगून वार मोजणाऱ्याला आमच्या धंद्यात उभा करणार नाहीत, इथे चालतं.

असो. तर मे महिना, आपला मे महिना, पारा चव्वेचाळीसला, आणि दाजींनी सर्व्हर ठेवलेला माळ्यावर, पत्र्याखाली, कारण ताई म्हणाली हॉलमध्ये ते घरघर नको. डिस्कच्या कागदावर साधारण ६० अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं, पण ते डिस्कचं स्वतःचं तापमान, खोलीचं नव्हे. एक डिस्क गेली. दाजी खूश! खरंच खूश, मला फोन करून म्हणाले, “बघितलास का बे, म्हणून रेड केलं होतं.” नवी डिस्क मागवली, स्वस्तातली, विकणाऱ्यानं सांगितलं सगळ्या सारख्याच असतात साहेब. आणि माझा राग आहे तो इथे. सगळ्या सारख्या नसतात! डिस्कांत दोन जाती आहेत, सीएमआर आणि एसएमआर. सीएमआरमध्ये ट्रॅक, म्हणजे डेटा लिहायच्या गोल ओळी, सुटे असतात, एसएमआरमध्ये जागा वाचवायला ते एकमेकांवर थोडे चढवून लिहितात, त्यामुळे मधलं जरासं बदलायचं म्हटलं की पुढचा अख्खा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. एकदाच भरून ठेवायला ठीक आहे, पण रेडची दुरुस्ती म्हणजे उरलेल्या डिस्का वाचून नवी डिस्क सलग तासन्‌तास भरत राहणं, तिथे ती धापा टाकते. बरं, हे डब्यावर लिहितात का? २०२० साली तर असं उघडकीला आलं की खास नॅससाठी, म्हणजे अशाच घरच्या सर्व्हरसाठी, म्हणून विकलेल्या काही डिस्कासुद्धा आतून एसएमआर होत्या आणि गिऱ्हाईकाला ते सांगितलेलंच नव्हतं. बोंबाबोंब झाल्यावर कंपन्यांनी याद्या जाहीर केल्या. आपल्याकडे साध्या टॉवेलवर किती टक्के कॉटन ते छापावं लागतं हो! इथे दहा-वीस हजाराची वस्तू, आणि आत काय आहे ते डेटाशीट शोधून बघा म्हणे.

चांगली चार टीबीची डिस्क रात्रभरात भरून होते. दाजींची दिवसेंदिवस चालली. मी रोज विचारायचो काय करायलाय, ते टक्के सांगायचे, क्रिकेटच्या स्कोअरसारखे. आणि या सगळ्या वेळात उरलेल्या तीन जुन्या डिस्का माळ्यावर, त्या उन्हात, कोपऱ्यान् कोपरा वाचून काढतायत. पुष्कळ साध्या डिस्कांच्या कागदावर लिहिलेलं असतं की दहाचा चौदावा घात एवढे बिट, म्हणजे डेटाचे सगळ्यात छोटे कण, वाचताना एखादा न वाचता येणं धरून चाला. ते होतात साडेबारा टीबी. दाजींच्या तीन डिस्का वाचायच्या म्हणजे बारा टीबी. प्रत्यक्षात डिस्का त्या आकड्यापेक्षा बऱ्याच बऱ्या निघतात, मी घाबरवत नाहीये, पण दाजींच्या नशिबात तो बिट होता. दुसरी डिस्क एरर देऊन बाहेर पडली आणि दहा पॉइंट नऊ टीबी गेले, सगळे एकदम.

पिक्चर गेले त्याचं कोणाला काही नाही. पण त्यात दाजींच्या वडिलांची भजनं होती, कॅसेटवरून काढलेली. आप्पा पंढरीला पायी जायचे, काकड्याची भजनं म्हणायचे, आवाज असा की गल्ली उठायची. कॅसेट केव्हाच बुरशीनं गेलेल्या. घरात सुतक असल्यासारखं वातावरण. आणि मग विजापूरहून दाजींच्या आक्काचा फोन, “कशाला रडायलात, माझ्या गाडीत पेनड्राइव्ह आहे की, मी रोज ऐकते.” दीडेकशे रुपयांचा पेनड्राइव्ह, मंडळी! लाखाच्या घरातलं रेड झोपलं आणि आक्काच्या गाडीतला पेनड्राइव्ह उभा राहिला. आता दर राखीपौर्णिमेला आक्का विचारते, काय रे, तुझा सर्व्हर बरा आहे का.

तर रेड म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क मेली तरी मशीन चालू राहावं यासाठी ते आहे. पोरानं फोल्डर डिलीट केलं तर रेड ते इमानदारीत सगळ्या डिस्कांवरून डिलीट करतं, व्हायरसनं फाईली कुलूपबंद केल्या तर त्याही सगळीकडे कुलूपबंद. हंड्यातल्या, म्हणजे परत न मिळणाऱ्या, ढिगाच्या तीन प्रती पाहिजेत, दोन वेगळ्या प्रकारच्या जागांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. आक्का तुमच्याकडेही असेल कोणीतरी, पुण्यात, हैदराबादला, तिच्याकडे एक डिस्क ठेवा आणि दिवाळीला अदलाबदल करा.

एक मराठीची गंमत सांगतो मग वळतो. फाईलींना मराठीत नावं द्या, जरूर द्या, पण लिनक्सवर फाईलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वारासकट, तीन-तीन बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हं झाली की संपलं. विंडोजवर हीच मर्यादा बाइटांत न मोजता चिन्हांत मोजतात, म्हणून तिथे चालणारं ‘चि. अमुक आणि चि. सौ. कां. तमुक यांच्या विवाह सोहळ्याप्रसंगी हळदीचा कार्यक्रम भाग दुसरा, दुपारनंतरचे चित्रण, मामांच्या कॅमेऱ्यातले’ हे नाव सर्व्हरवर कॉपी करताना अडकतं आणि माणूस डिस्कला शिव्या देतो. सबटायटल मराठीत असतील आणि चौकोन दिसत असतील तर तिथे देवनागरी फॉन्ट टाका, फाईल ठीक आहे.

हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं म्हणतायत. बरं, मग अपग्रेड पटापट.

मशीन मोठं घेऊ नका. इंटेलच्या एन-शंभर जातीच्या प्रोसेसरचा छोटा पीसी भरपूर झाला, त्यात व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्यात फिरवायचं हार्डवेअर आतच असतं, वेगळं ग्राफिक कार्ड नको. जुना डेस्कटॉप ७५ वॅट खात बसला तर महिन्याला ५४ युनिट, छोटा पीसी डिस्कांसकट ३० वॅटमध्ये बसला तर बावीसच्या आत. सिस्टीम छोट्या एसएसडीवर, डेटा मोठ्या डिस्कांवर. वेगवेगळ्या मापाच्या डिस्का असतील तर ओपनमीडियाव्हॉल्ट नावाच्या सर्व्हरच्या सिस्टीमवर डिस्का जोडायला मर्जरएफएस आणि त्यांच्या संरक्षणाला स्नॅपरेड. डिस्का एकत्र एक फोल्डर म्हणून दिसतात, पण प्रत्येकीवरच्या फाईली अख्ख्या असतात, दोन मेल्या तरी तिसरीवरचं वाचता येतं. पॅरिटीची, म्हणजे मेलेल्या डिस्कवरचं परत काढायचा हिशेब ठेवणारी, डिस्क मात्र सगळ्यात मोठ्या डिस्कएवढी तरी पाहिजे, आणि संरक्षण शेवटच्या सिंकपर्यंतचंच, म्हणजे तो हिशेब शेवटचा ताजा केला तिथपर्यंतचं, काल सिंक केलं तर आज टाकलेल्याला नाही. झेडएफएस, म्हणजे डिस्कांवर फाईली ठेवायची दुसरी पद्धत, आवडत असेल तर उत्तम, सडलेला बिट ते स्वतः ओळखतं. पूर्वी रेड-झेडमध्ये, म्हणजे झेडएफएसच्या रेडमध्ये, एकच डिस्क वाढवता यायची नाही, जानेवारी २०२५ च्या ओपनझेडएफएस २.३ पासून येते. नुसते पिक्चरच असतील तर पॅरिटी नाही केली तरी मी तुम्हाला काही म्हणणार नाही.

नवी डिस्क आली की लगेच भरू नका, स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःची तब्येत तपासते ती, लांब टेस्ट लावून रात्रभर सोडा. नेटवर्कची केबल बघा. गिगाबिट वेगाला आठही तारा लागतात, आपल्याकडे क्रिम्प करणारा, म्हणजे केबलला टोक बसवणारा, चारच जोडून जातो आणि लाइट लागली म्हणून पैसे घेतो. आठ टीबी कॉपी करायला आठ तारांवर २० तास, चार तारांवर आठवड्याच्या वर. कॉपी आरसिंक नावाच्या प्रोग्रॅमनं करा, चेकसम, म्हणजे फाईलींवरून काढलेले खुणेचे आकडे, दोन्हीकडचे ताडून बघा, जुन्या डिस्का महिनाभर तशाच बाजूला ठेवा.

जेलीफिन, म्हणजे पिक्चर टीव्हीवर दाखवणारा प्रोग्रॅम, डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या बंद डब्यात, चालवा, मीडियाचं फोल्डर त्याला फक्त वाचायला द्या, लिहायची परवानगी नको. हार्डवेअर ट्रान्सकोडिंग, म्हणजे मघाचं ते व्हिडिओ फिरवणं, चालत नसेल तर दहातल्या नऊ वेळा डेव्ह-डीआरआय, म्हणजे ग्राफिकच्या हार्डवेअरची वाट, कंटेनरला द्यायचं राहिलेलं असतं. मिनीडीव्ही कॅसेटवरून काढलेलं लग्नाचं शूटिंग तासाला तेरा जीबी होतं, ते मूळ हंड्यात ठेवा आणि बघायला वेगळी छोटी प्रत काढा. बाहेरगावाहून बघायचं असेल तर राउटरचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडू नका, टेलस्केल टाका, ते आपल्याच मशीनांपुरता खाजगी रस्ता करतं, पुष्कळ कनेक्शनांवर पोर्ट उघडून तसाही उपयोग नसतो. इन्व्हर्टर असेल तर मागे यूपीएस मोडचा खटका असतो, तो टाका, नाहीतर लाईट गेली की बॅटरीवर यायच्या आत पीसी रीस्टार्ट होतो. खरा यूपीएस घेतलात तर त्याची यूएसबी केबल जोडा, बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतः बंद होईल. आणि माळ्यावर ठेवू नका, हे मी ताईलाही सांगितलंय.

झालं, अध्यक्ष उभेच राहिले. ज्यांनी स्मार्टचा रिपोर्ट छापून आणलाय त्यांनी खाली चहाच्या टेबलाशी या, पाच नंबरची, म्हणजे खराब म्हणून बदललेल्या जागांची, आणि १९७ नंबरची, म्हणजे वाचता न येऊन अडकलेल्या जागांची, ओळ बघू. १९९, म्हणजे केबलमधून ये-जा करताना झालेल्या चुकांचा आकडा, वाढलेला असेल तर बहुतेक केबल खराब आहे, निवांत चहा घ्या. १९७ शून्य नसेल तर चहा राहू द्या, घरी जा आणि आधी हंडा दुसरीकडे ओता.