टाकी भरलेली, ट्रॅक्टर बंद

(दृश्य: नागपूर जिल्हा, काटोल रोडलगतचं शेत, सकाळ. रोटाव्हेटर जमिनीत, इंजिन बंद.)

जूनचा दुसरा पंधरवडा. पहिला चांगला पाऊस पडून गेलाय, काळ्या जमिनीला वाफसा आलाय, आणि कळमेश्वरपासून काटोलपर्यंत सगळ्यांनी एकदमच ट्रॅक्टर शिवारात घातलेत. कपाशी लावायची आहे, सोयाबीन पेरायचं आहे. हा एक मात्र धुऱ्याजवळ उभा. टाकीत डिझेल आहे, सेल्फ लागतो. दहा मिनिटं थांबलं की इंजिन सुरूही होतं. मग दोन फेऱ्या, आवाज खाली-वर, एक आचका, आणि बंद.

मालकाने डिझेलचा नवा फिल्टर आधीच आणून ठेवलाय. मिस्त्री तो बघतात आणि डब्यासकट बाजूला ठेवतात.

"भाऊ, पयले टाकीचं झाकण खोला ना."

झाकणाला बारीक छिद्र असतं. डिझेल जितकं खाली जाईल तितकी हवा त्यातून आत यायला हवी. धूळ आणि तेल मिळून ते बुजलं, तर टाकीत पोकळी तयार होते, पंपाला डिझेल ओढवत नाही आणि इंजिन मरतं. झाकण उघडताना फुस्स असा आवाज आला, तर रोग तिथेच सापडला. खर्च शून्य. इथे आवाज येत नाही.

इंजिन बंद पडताना धूर कसला होता, हा त्यांचा पुढचा प्रश्न. भकाभका काळा धूर असेल तर फिल्टर बघायचा तो हवेचा. डिझेल कमी पडलेलं इंजिन काळं ओकत नाही, नुसतं दबत जातं. मालक सांगतात, धूर नव्हताच.

(दृश्य: फीड पंप, म्हणजे टाकीतलं डिझेल ओढून पुढे देणारा छोटा पंप. त्याच्याजवळ टाकीकडून येणारी नळी सोडवलेली. खाली पाण्याची रिकामी बाटली.)

आता टाकीचा कॉक उघडतात. सुरुवातीला करंगळीएवढी धार पडते. बाटली अर्धी होईस्तोवर तीच धार दोऱ्याएवढी बारीक होते, मग थेंब. टाकीतून डिझेल बाहेर पडतं त्या तोंडाशी असलेल्या जाळीवर काहीतरी येऊन बसतंय. इंजिन बंद केलं, ओढ थांबली, की ते खाली गळून पडतं. दहा मिनिटांच्या विश्रांतीचं कोडं सुटलं.

बाटली बोनेटवर ठेवली जाते. थोड्या वेळाने तिच्यात रेघ दिसू लागते. वर डिझेल आणि तळाला बोटभर गढूळ पाणी. दोघांच्या मधल्या रेघेवर काळपट, बुळबुळीत तंतू तरंगतायत. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून पाणी कायम तळाशी बसतं. आणि दोन्ही जिथे टेकतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात, डिझेल खाऊन. ही लिबलिबीत घाण त्यांचीच. फिल्टरचा कागद ती काही तासांत लिंपून टाकते. नुसता फिल्टर बदलला असता तर ट्रॅक्टर थोडा पळाला असता आणि पुन्हा इथेच थांबला असता.

टाकी खाली करून धुतली जाते, जाळी काढून साफ होते. फिल्टरखालच्या काचेच्या वाटीतलं पाणी सोडलं जातं. जाळी धुता येते; कागदी फिल्टर धुवायचा नाही. पेट्रोलमध्ये बुचकळून, हवा मारून तोच परत बसवणारे गावोगाव आहेत. त्यात कागदाची छिद्रं मोठी होतात आणि अडलेली धूळ स्वच्छ बाजूला जाते. पुढे मोठा पंप असतो, नोजलला (जिथून डिझेल इंजिनात फवारलं जातं) दाबाने डिझेल देणारा. त्यातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यात फट असते ती काही मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. त्या फटीत वंगण म्हणून दुसरं काही नाही, डिझेलच. पाणी गेलं की गंज, धूळ गेली की ओरखडे, आणि मग पंपाचं बिल. चार पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

आता नवा फिल्टर बसतो. बसवताना मिस्त्री जुनं रबर वायसर बोटाने चाचपून काढतात. ते वर चिकटून राहिलं आणि त्यावर नवं बसलं, तर जोड नीट बसणार नाही. पाइपच्या बोल्टखालचे तांब्याचे वायसरही नवे.

डिझेलच्या नळीत हवा शिरली तरी इंजिन असंच बंद पडतं. हवेचं इथे नीट ऐकून घ्या, कारण यात भलेभले फसतात. फीड पंपाच्या पुढे जोड सैल असेल तर डिझेल गळतं, ओल दिसते. टाकी ते फीड पंप या भागात मात्र पंप ओढत असतो. तिथला जोड सैल असला तर इंजिन चालू असताना बाहेर थेंबही येणार नाही, उलट हवा आत जाईल. "काहीच गळत नाही" म्हणून जो पाइप सोडून देतात, चोर बहुधा तोच असतो. मिस्त्री असा संशयित तुकडा काढून तिथे पारदर्शक नळी लावतात आणि बुडबुडे डोळ्यांनी बघतात.

(दृश्य: हँड प्रायमर, म्हणजे हाताने दाबून डिझेल पुढे ढकलायचं बटण. त्यावर अंगठा.)

मग हवा काढणं. फिल्टरवरचा स्क्रू थोडा सैल, प्रायमर दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. तेच मोठ्या पंपाच्या स्क्रूवर. तरीही उठला नाही, तर नोजलकडच्या नळ्यांचे नट जरासे ढिले करून सेल्फ मारायचा.

हे शेवटचं फक्त जुन्या पद्धतीच्या पंपाला. 2023 च्या जानेवारीपासून पन्नास एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागू झाले, आणि त्यांतल्या बहुतेकांत कॉमन रेल आहे, म्हणजे सगळ्या नोजलना डिझेल देणारी एकच जास्त दाबाची नळी. त्या नळीत हजार बारच्या वर दाब असतो. चालू इंजिनवर तिथला नट सोडला तर डिझेलची पिचकारी कातडीतून आत घुसते. जखम सुईएवढी दिसते, पण ऑपरेशनची वेळ येते. तिथे पाना लावायचाच नाही, कंपनीच्या माणसाला बोलवायचं.

इंजिन उठतं. पहिला मिनिटभर अडखळतं, मग एकसारखं धरतं. मिस्त्री हात पुसता पुसता विचारतात, "डिझेल ठेवता कुठं?"

गोठ्यामागे ड्रम आहे. उभा, उघड्यावर. झाकणाच्या कडेला कालच्या पावसाचं पाणी साचलेलं.

"हे पाहा. दिवसा ड्रम तापते, रात्री गार होते. आतली हवा आकसली की बुचाच्या आट्यांतून हे पाणी ओढून घेते. वरून तुम्ही चाळणीला धोतराचं फडकं लावून रायले. त्यानं काडी अडते, पाणी नाही अडत ना, भाऊ."

ड्रम शेडमध्ये नेला जातो. आडवा, दोन्ही बुचं आडव्या रेषेत, एकाच उंचीवर, मागचं टोक किंचित खाली, म्हणजे पाणी आणि गाळ तिकडे जमेल. तळाचं डिझेल ट्रॅक्टरला घालायचं नाही. आणि संध्याकाळी काम संपलं की टाकी भरून ठेवायची. अर्धी टाकी रात्रभर राहिली की वरच्या मोकळ्या हवेतली ओल गार पत्र्यावर जमते आणि खाली उतरते.

मालक दुपारचं जेवण बाजूला सारून ट्रॅक्टरवर चढतात. तीन एकर बाकी आहे आणि कोंढाळीकडून ढग भरून आलेत.