न पाहिलेल्या माणसाचा भरवसा

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात बेलफॉन्ट नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील विटांच्या काही जुन्या इमारतींमध्ये एके काळी आगकाड्या तयार होत असत. १९४७ साली कारखाना बंद पडला आणि २००४ साली येथे अमेरिकन फिलाटेलिक सोसायटी, म्हणजे त्या देशातील तिकीट-संग्राहकांची राष्ट्रीय संस्था, राहायला आली. टपाल-तिकिटे, जुनी पाकिटे आणि हजारो ग्रंथ असा कागदाचाच सारा ठेवा काडेपेट्यांच्या कारखान्यात वस्तीला यावा, हा योगायोग मौजेचा आहे.

आत शिरल्यावर लाकडी फळ्यांचे एक जुने दुकान लागते. वेस्ट व्हर्जिनियातील हेड्सव्हिल या खेड्यातले हे किराणा दुकान असून त्याच्याच एका कोपऱ्यात गावची टपाल कचेरी होती. स्मिथसोनियन संग्रहालयाने जपलेले हे दुकान पुढे येथे आणून उभे केले. पत्रे लावण्याचे लाकडी कप्पे त्यात अजून आहेत. आपल्याकडे शाळामास्तरांनीच गावचे शाखा टपाल कार्यालय सांभाळल्याचे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना दुकानदाराने पोस्टमास्तर असण्याचे नवल वाटणार नाही.

अशाच खेड्यापाड्यांत विखुरलेल्या माणसांसाठी ही संस्था जन्माला आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिकिटे जमवण्याचा छंद अमेरिकेत झपाट्याने पसरला होता. न्यूयॉर्क किंवा सेंट लुइस येथील संग्राहकाला चार जाणकार भेटत. आडगावच्या संग्राहकाला मात्र जाहिरात वाचून, अनोळखी विक्रेत्याला आगाऊ पैसे पाठवून, जे पदरी पडेल ते पवित्र मानावे लागे. बनावट तिकिटांचा तर तेव्हा सुळसुळाट होता. सप्टेंबर १८८६ मध्ये न्यूयॉर्क येथे संग्राहकांची परिषद भरली आणि तिच्यात ही संघटना स्थापन झाली. सेंट लुइसचे वकील जॉन टिफनी पहिले अध्यक्ष झाले आणि सुमारे दहा वर्षे त्या पदावर राहिले. जानेवारी १८८७ मध्ये संस्थेचे मासिक निघाले. ‘द अमेरिकन फिलाटेलिस्ट’ हे ते मासिक आजही निघते.

मासिकाची पहिली गरज लेखांसाठी नव्हती, नावांसाठी होती. सभासद होऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीने अर्ज करावा, व्यवहारातील ओळखीचे दाखले द्यावेत, मग तिचे नाव मासिकात छापले जावे आणि ठरलेल्या मुदतीत कोणी हरकत घेतली नाही, तर तिला सभासदत्व द्यावे, अशी पद्धत पडली. आपल्याकडे नोंदणी विवाहाआधी कचेरीच्या फलकावर नोटीस लावतात आणि हरकतींची वाट पाहतात, त्यातलाच हा प्रकार. शेकडो मैल दूर असलेल्या कोणा संग्राहकाची या मनुष्याने पूर्वी फसवणूक केली असेल, तर तो पत्र टाकून कळवू शकत असे. संस्थेतून कोणाला काढून टाकले, तर तेही त्याच मासिकात छापले जाई. पोलीस नाहीत, न्यायालय नाही, शिक्षा एवढीच की तुमचे नाव सर्वांनी वाचावे. एकमेकांशी केवळ पत्राने व्यवहार करणाऱ्या माणसांमध्ये ही शिक्षा लहान नव्हती.

या भरवशावर संस्थेने जे सर्वांत धाडसी काम चालवले, ते म्हणजे विक्रीच्या वह्यांची फिरती. वही हातात मावेल एवढी लहान, आणि तिच्या प्रत्येक पानावर छापील चौकोन. ज्या सभासदाला आपल्याजवळची जादा तिकिटे विकायची असतील, त्याने एकेका चौकोनात एकेक तिकीट हिंज, म्हणजे डिंक लावलेला कागदाचा चिमुकला तुकडा, लावून चिकटवायचे, त्याखाली सूचीतील क्रमांक आणि किंमत लिहायची व वही मुख्यालयाकडे पाठवायची. तेथे अशा काही वह्यांचा गठ्ठा बांधून, सोबत सभासदांच्या नावांची यादी जोडून, तो यादीतील पहिल्या माणसाच्या घरी टपालाने पाठवला जाई. त्याने निवांतपणे वह्या चाळाव्यात, हवी ती तिकिटे चिमट्याने काढून घ्यावीत, रिकाम्या झालेल्या प्रत्येक चौकोनात आपला सभासद क्रमांक घालावा, हिशेबाचा कागद भरून पैसे मुख्यालयाला पाठवावेत आणि गठ्ठा यादीतील पुढच्या पत्त्यावर रवाना करावा. पुढच्या माणसाचे पहिले काम वह्या चाळण्याचे नसे. चौकोन रिकामा आहे आणि त्यात क्रमांक नाही, असे एखादे पान आहे का, हे त्याने आधी तपासायचे व तसे आढळल्यास लगेच कळवायचे. एरवी ते तिकीट त्याच्याच नावावर पडण्याची भीती असे.

स्वयंपाकघराच्या टेबलाशी एकट्याने बसलेल्या माणसासमोर कोणाची तरी शेकडो डॉलरांची तिकिटे उघडी पडली आहेत आणि पाहणारे कोणीही नाही, अशी ही व्यवस्था कित्येक दशके चालत राहिली. विमा होता, दलाली होती, नियमांची छापील पत्रके होती. तरीही या सगळ्याच्या मुळाशी एवढेच होते, की रिकाम्या चौकोनात माणूस आपणहून आपला क्रमांक घालील. राष्ट्रीय संस्था चालवणे म्हणजे अधिवेशने भरवणे आणि पदके वाटणे, असा जो समज आहे, तो या वह्या पाहिल्यावर टिकत नाही. संस्थेची पहिली कमाई हा भरवसाच आहे.

दुसरे काम परीक्षणाचे. १९०३ साली संस्थेने तिकिटांची अस्सलता तपासून देण्याची सोय सुरू केली. त्याची गरज काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. विसाव्या शतकाच्या आरंभी तिकिटांच्या विक्रीयंत्रांसाठी तिकिटे रिळांच्या रूपात काढण्यात आली. अशा तिकिटाच्या समोरासमोरच्या दोन कडा सपाट आणि उरलेल्या दोन दातेरी असतात. त्याच चित्राची, चारही कडा सपाट असलेली, अखंड पानांवरची तिकिटेही त्या वेळी विकली जात आणि त्यांतील पुष्कळ आजही स्वस्त आहेत. लबाडी करणाऱ्याने अशा स्वस्त तिकिटाच्या दोन कडांना नव्याने छिद्रे पाडली की दुर्मीळ रीळ-तिकीट तयार होते. दातेरी तिकिटाच्या दोन कडा कापल्या तरी तेच साधते. मात्र तिकीट केसभर अरुंद होते.

परीक्षक मग काय करतो? दोन सेंटिमीटर अंतरात किती छिद्रे बसतात, हे तो मापपट्टीवर मोजतो. तिकीट खऱ्या शेजाऱ्यापासून फाडून वेगळे केले असेल, तर दातांच्या टोकांशी कागदाचे बारीक तंतू सुटलेले दिसतात. नंतर पाडलेली छिद्रे बहुधा फार नेटकी असतात. जलचिन्ह पाहण्यासाठी तो तिकिटावर खास द्रव सोडतो, अतिनील दिव्याखाली कागद धरतो आणि मागचा डिंक मूळचा की नंतर फासलेला, हे पाहतो. एका परीक्षकाच्या शब्दावर निकाल दिला जात नाही. एकच तिकीट त्या विषयातील अनेक जाणकारांपुढे जाते, त्यांची मते जुळली की छायाचित्रासह प्रमाणपत्र निघते. या प्रमाणपत्रामुळे अनेकांची निराशा होते, हेही खरे. आजोबांच्या पेटीत सापडलेला खजिना काही डॉलरांचा निघतो आणि तसे कळवणाऱ्या कागदासाठी शुल्कही मोजावे लागते.

तिसऱ्या कामाचा संबंध थेट आपल्या बालपणाशी आहे. १९७० च्या आसपास ज्यांनी शाळेसमोरच्या दुकानातून तिकिटांचे पाकीट विकत घेतले असेल, त्यांना अजमान, फुजैरा, उम्म अल कैवैन ही नावे नक्की आठवतील. आखाती किनाऱ्यावरच्या या चिमुकल्या अमिरातींची तिकिटे मोठी, चकचकीत आणि रंगीत असत. त्यांवर फुलपाखरे असत, अंतराळवीर असत, युरोपातील चित्रकारांची चित्रेही असत. त्यांतील बहुतेक कोणत्याही पत्रावर कधी लागलीच नाहीत. ती संग्राहकांच्या खिशासाठीच छापली जात होती. १९६० च्या दशकात अमेरिकन संस्थेने अशा प्रकारांविरुद्ध आपल्या मासिकात ‘काळा डाग’ नावाचे सदर चालवले. गरजेपेक्षा जास्त तिकिटे काढणे, मुद्दाम थोड्या प्रती छापून टंचाई करणे, हेतुपुरस्सर चुका घडवणे, देशाशी काही संबंध नसलेले विषय घेणे, अशा कारणांवरून त्या तिकिटांना नापसंतीचा शिक्का बसत असे. शिक्क्यामुळे छपाई थांबली नाही. आम्हा मुलांना तर त्याची वार्ताही नव्हती आणि कळली असती, तरी फुजैराचे फुलपाखरू आम्ही टाकून दिले नसते.

पैशांची बाजू थोडक्यात सांगता येईल. वार्षिक वर्गणी, मासिकातील जाहिराती, विक्रीवरील दलाली, परीक्षणाचे शुल्क आणि सभासदांनी दिलेल्या देणग्या यांवर संस्था चालते. देणग्यांमध्ये रोख रकमेबरोबरच अख्खे संग्रहही येतात, कारण वारसांना त्यांचे काय करावे ते कळत नाही. कारखान्याच्या काही इमारती भाड्याने दिलेल्या आहेत. संचालक मंडळ सभासदांच्या मतदानाने निवडले जाते व विनावेतन काम करते. रोजचे काम पगारी कर्मचारी पाहतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सभासदसंख्या पन्नास हजारांच्या पुष्कळ वर होती, ती आता तीस हजारांच्याही खाली आली आहे. पत्र लिहिणारेच उरले नाहीत, तर पत्रावरचे तिकीट सोडवून घेणारा मुलगा कोठून येणार?

भारतातील रचना वेगळी आहे, हे येथे नमूद करायला हवे. कोलकात्यात १८९७ साली स्थापन झालेली फिलाटेलिक सोसायटी ऑफ इंडिया ही आपल्याकडील जुनी संस्था; तर १९७५ साली स्थापन झालेली फिलाटेलिक काँग्रेस ऑफ इंडिया हा ठिकठिकाणच्या संस्थांचा महासंघ. अमेरिकेत शेकडो स्थानिक मंडळे राष्ट्रीय संस्थेशी जोडलेली असली, तरी तिचा मूळ सभासद व्यक्ती हाच असतो आणि तो आपल्या क्रमांकाने ओळखला जातो.

आता ग्रंथालयाकडे वळू. पहिले अध्यक्ष टिफनी यांनी तिकीटशास्त्रावरील ग्रंथांचा जो संग्रह केला होता, तो त्या काळी अमेरिकेत अजोड होता. पुढे तो अर्ल ऑफ क्रॉफर्ड या ब्रिटिश उमरावाने विकत घेतला आणि १९१३ साली त्याच्या मृत्युपत्रानुसार तो ब्रिटिश म्युझियमकडे गेला. आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. संस्थेच्या पहिल्याच अध्यक्षाची पुस्तके वाचायला अमेरिकन अभ्यासकाला समुद्र ओलांडावा लागावा, ही रुखरुख दीर्घकाळ राहिली असणार. १९६८ साली अमेरिकन फिलाटेलिक रिसर्च लायब्ररी ही वेगळी संस्था उभी राहिली आणि आज ती याच आवारात आहे.

याच ग्रंथालयाकडे एका चोरीचा वारसा आला. १९१८ साली अमेरिकेने विमान-टपालासाठी चोवीस सेंटचे तिकीट काढले. चौकट लाल आणि मधले विमान निळे, त्यामुळे कागद यंत्रातून दोनदा जाई. शंभर तिकिटांच्या एका पानावर विमान उलटे छापले गेले आणि १४ मे रोजी ते वॉशिंग्टनच्या टपाल कचेरीत विल्यम रोबी नावाच्या गिऱ्हाइकाने चोवीस डॉलर मोजून विकत घेतले. ते पान पुढे वीस हजार डॉलरांना विकले गेले व सुटे करण्यात आले. मात्र त्याआधी प्रत्येक तिकिटाच्या मागे, पानावरील त्याच्या जागेचा क्रमांक पेन्सिलीने बारीक लिहून ठेवण्यात आला.

त्यांतील चार तिकिटांचा एक ब्लॉक, म्हणजे एकमेकांना जोडलेला चौकोनी तुकडा, एथेल मॅकॉय या संग्राहिकेने १९३६ साली घेतला. सप्टेंबर १९५५ मध्ये व्हर्जिनियातील नॉरफोक येथे संस्थेचे अधिवेशन भरले असताना त्यांनी तो प्रदर्शनात मांडला आणि तेथूनच तो चोरीला गेला. ज्या माणसांनी वर्षानुवर्षे परक्यांच्या वह्या एकमेकांच्या घरी पाठवल्या होत्या, त्यांच्याच सभागृहात हे घडले.

चोराने ब्लॉक फोडला. दातेरी कडांवर हात चालवण्यात आला, मागचे आकडे पुसण्याचा प्रयत्न झाला. तरीही १९७७ साली एक तिकीट हाती आले आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी दुसरे. दरम्यान १९७९ मध्ये मॅकॉय यांनी ब्लॉकवरील आपला हक्क या ग्रंथालयाला देऊन टाकला आणि पुढच्याच वर्षी त्या वारल्या. तिसरे तिकीट मिळायला २०१६ साल उजाडावे लागले. उत्तर आयर्लंडमधील एका तरुणाने आजोबांकडून आलेले तिकीट विक्रीसाठी बाहेर काढले, जाणकारांनी ते ओळखले आणि न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात त्याने ते ग्रंथालयाच्या हवाली केले. एका व्यापाऱ्याने जाहीर केलेले पन्नास हजार डॉलरांचे बक्षीस त्याला मिळाले.

चौथे तिकीट अजून सापडलेले नाही. सुटे, एकेरी उलटे विमान कोणी तपासणीसाठी आणले, की परीक्षक ते प्रथम पालथे करतो आणि डिंकावरच्या त्या पेन्सिलीच्या खुणेचा माग काढतो. खूण खरवडलेली आढळली, तर तो ब्लॉकची जुनी छायाचित्रे काढून शेजारी ठेवतो आणि विमान कोणत्या कडेला किती सरकले आहे, हे पुन्हा मोजू लागतो.