मीटरच्या शेजारचं

मंडळी, ओळख करून देताना मला छायाचित्रकार म्हटलं गेलं, तेवढं आधी दुरुस्त करतो. मी वीज मंडळात मीटर रीडर होतो, ३१ वर्षं. खांद्याला शबनम, हातात रीडिंगचं पुस्तक, खिशात बॅटरी. तुमच्या चिटणीसांनी फोनवर विषय सांगितला, "कुणी बघणारच नसेल तर फोटो का काढायचे?" मी म्हटलं, हा तर आमच्या घरातला प्रश्न, तुमच्यापर्यंत कसा पोचला?

तेव्हाच्या घरांत मीटर आत असायचा. वाड्याच्या पडवीत, दाराच्या मागे, कधी थेट माजघरात. आकडा वाचायचा म्हणजे घरातलंच कुणी बघत नाही अशा भिंतीसमोर रोज साठ-सत्तर वेळा उभं राहायचं. आणि मीटरच्या शेजारी काय काय असायचं! दुधाच्या हिशोबाच्या कोळशाच्या रेघा. तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर, कारण त्यावरचा दत्त चांगला होता म्हणून काढवत नाही. मुलाची उंची मोजलेल्या खुणा, खाली तारीख. एका ठिकाणी मीटरच्या फळीवर चिमणीचं घरटं होतं आणि घरातल्या आजीने मला बजावलं होतं, आकडा वाच पण फळीला हात लावू नकोस.

१९८४ साली मी एक जुना कॅमेरा घेतला, आगफाचा क्लिक थ्री. बडोद्याला बनायचा. १२० नंबरच्या फिल्मचा रोल, त्यावर १२ फोटो. कॅमेऱ्यावर उन्हाचं चिन्ह आणि ढगाचं चिन्ह, बाकी करण्यासारखं काही नाही. फार जवळ गेलं की चित्र धूसर, आणि अंधारात तर उपयोगच नाही. म्हणजे माझ्या सगळ्या भिंती बाद! पण मग असं व्हायला लागलं, की कुठल्या घरात कुठल्या महिन्यात किती वाजता ऊन आत येतं, ते मला पाठ झालं. अमुक पडवीत मार्गशीर्षात दहाच्या सुमाराला कौलातल्या काचेतून कवडसा पडतो, तो बरोबर उंचीच्या खुणांवर. मग त्या आळीचं रीडिंग मी दहाला यायचं अशा बेताने फिरायचो. "वहिनी, मीटरचा फोटो घेतो हं." त्यांना वाटायचं, ऑफिसचं काम असेल. अर्धं खोटं होतं, आज कबूल करतो.

रोल धुऊन आणायला पैसे लागायचे, म्हणून कितीतरी रोल तसेच राहिले. डब्यात होते, आजही आहेत. इथे लोक विचारतात, म्हणजे तुम्ही स्वतःसुद्धा फोटो पाहिले नाहीत? नाही पाहिले. आणि याच ठिकाणी मला शिकागोच्या एका बाईंबद्दल सांगायचंय.

व्हिव्हियन मायर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना नाव माहीत असेल. १९२६ साली न्यूयॉर्कला जन्म, पुढे शिकागोत जवळजवळ चाळीस वर्षं लोकांची मुलं सांभाळायची नोकरी. गळ्यात रोलिफ्लेक्स. छातीशी धरायचा, वरून खाली मान घालून बघायचा कॅमेरा, म्हणजे समोरच्याला वाटतं बाई स्वतःच्या पोटाकडे बघतायत. रोल तोच, १२० चा, १२ फोटोंचा. भाडं थकलं म्हणून गोदामातलं त्यांचं सामान २००७ साली लिलावात गेलं. जॉन मलूफ नावाच्या तरुणाने शिकागोवरच्या पुस्तकासाठी जुने फोटो मिळतील म्हणून त्यातली एक पेटी घेतली. मायरबाई २००९ च्या एप्रिलमध्ये गेल्या. त्यानंतर सापडत गेलं, जुळत गेलं, आणि निगेटिव्ह एक लाखाच्या वर गेल्या. शेकडो रोल तर धुतलेलेच नव्हते.

त्यांची गोष्ट हल्ली संतचरित्रासारखी सांगतात. मला ते पटत नाही. फ्रान्समध्ये त्यांच्या आईच्या गावाकडे एक फोटोवाला होता, त्याच्याकडून प्रिंट करून घ्यावेत असा त्यांचा विचार होता, हे एका पत्रावरून दिसतं. म्हणजे इच्छा अगदीच नव्हती असं नाही. पण ती पुरी झाली नाही म्हणून कॅमेरा खाली ठेवला, असंही नाही. आज जगभर त्यांची प्रदर्शनं भरतात, त्याला त्यांनी हो म्हटलं असतं का? मला शंका आहे. तरी मी ते फोटो आवडीने बघतो. हा माझाच दुटप्पीपणा.

मला त्यांच्यातलं एक नीट कळतं. मुलांना फिरवून आणायचंच होतं, ते काम होतं. फोटो त्या कामाच्या कडेवर बसून आले. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या अशाच आल्या. दळण चुकणार नव्हतं. पहाटे खुंटा धरायचाच होता, समोर फार तर जाऊ नाहीतर शेजारीण. ऐकायला कुणी बसलं होतं का? हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या अभ्यासकांनी गावोगाव फिरून त्या ओव्या जमवल्या, त्याही लाखाच्या वर भरल्या. एक लाख निगेटिव्ह तिकडे, एक लाख ओव्या इकडे. मेळ घालायचा म्हणून घालत नाही, पण मला या आकड्यांनी एकदा रात्री झोप येऊ दिली नव्हती. त्या बायकांना कुणी विचारलं असेल का, की ऐकणारं नाही तर गाता कशाला?

मीही एकदा पाघळलो होतो, तेही सांगतो. एका स्पर्धेला फोटो पाठवला. भिंतीचा नव्हे, बाजारात बसलेल्या एका म्हाताऱ्याचा. पागोटं, सुरकुत्या, चिलीम. उत्तेजनार्थ बक्षीस लागलं, नाव छापून आलं, शाखेत पेढे वाटले. पुढचे दोन-तीन महिने मी रीडिंगला फिरताना म्हातारे शोधत होतो! भिंतीसमोर उभा राहायचो, आकडा लिहायचो, निघायचो. शेजारचं दिसेनाच. बक्षीस देणाऱ्यांची चूक नाही, ते बिचारे कुठे माझ्याबरोबर घरोघर फिरत होते? मीच त्यांना डोळ्यांत बसवून नेत होतो.

असं काही बोललो की कुणीतरी हमखास 'कर्मण्येवाधिकारस्ते' म्हणतं. नको. मला फळ हवं असतं, चांगलं रसरशीत. कवडसा खुणांवर आला आणि बोट दाबलं, खट् आवाज झाला, की ते मिळालेलं असतं. मी मुळीच निष्काम नाही, उलट हावरट आहे.

उलट टोकाचं उदाहरण होमाई व्यारावाला यांचं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या, दिल्लीत देशाचा इतिहास टिपणाऱ्या, आपल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. १९७० साली त्यांनी काम थांबवलं ते थांबवलंच. भोवतालच्या फोटोवाल्यांची वागणूक त्यांना रुचेना. पुढे त्या चाळीस वर्षं जगल्या. त्या फोटोंना बघायला अख्खा देश होता, तरी त्यांना सोडता आलं. मला सोडता येत नाही. यात मोठेपणा त्यांचा आहे की माझी खोड आहे, हे तुम्ही ठरवा.

आता मीटर फाटकाबाहेर आले. काचेच्या खिडकीची पेटी, आत हिरवे आकडे. घरात जायला कारण उरलं नाही, आणि मीही निवृत्त झालो. पहिलं वर्ष वाईट गेलं. कॅमेरा घेऊन मुद्दाम बाहेर पडायचो आणि रिकामा परत यायचो. नुसतं फोटो काढायला निघालं की मला काही दिसत नाही, हे तेव्हा कळलं. मग सूनबाईंनी नातवाला बालवाडीत सोडायचं काम माझ्याकडे दिलं. तो रस्त्यात दर दहा पावलांवर थांबतो, गटाराच्या झाकणाशी, कुत्र्याशी, कुणाच्या तरी भिंतीशी. मला घाई करता येत नाही. गेल्या आठवड्यात तो एका पिंपाच्या बुडाशी बसला, तिथे गंजाचा एक गोल उमटला होता आणि पावणेनऊचं ऊन नेमकं त्यावर होतं.

मोबाइल घरी राहिला होता. दुसऱ्या दिवशी नेला, तर पीप हलवलेलं.