एकशे चौदा मिलिमीटर रबर

(पुण्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, जाहीर झालेला विषय असा आहे: हल्लीच्या आलिशान एसयूव्ही खरोखर ऑफ-रोड चालतात का? पुण्यात हा प्रश्न विचारायलाच हवा. रेंज रोव्हर चिखलीत जोडली जाते, मर्सिडीजच्या जीएलई-जीएलएस चाकणला, जीप रँग्लर रांजणगावला. आणि पहिला पाऊस झाला की याच गाड्या मुळशी, वेल्हे, भोरच्या कच्च्या वाटांना लागतात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या गाड्यांची यंत्रणा उत्तम आहे, काही बाबतींत जुन्या जीपगाड्यांपेक्षा सरस आहे. पण शोरूममधून त्या ज्या टायरवर बाहेर पडतात, तो टायर ती यंत्रणा वापरूच देत नाही. डिफरन्शियल (इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी दात्यांची रचना), लो रेंज (वेग कमी करून जोर वाढवणारे गिअर), एअर सस्पेन्शन (हवेवर गाडी वर-खाली करणारी रचना) यांवर बोलायचं आहेच, पण सुरुवात टायरपासून.

इथे दोन टायर उभे केलेत. पुढच्या रांगेतल्यांनी उठून हात लावून बघितलं तरी चालेल. डावीकडचा २८५/४० आर २३, रेंज रोव्हरला मिळणाऱ्या सर्वांत मोठ्या रिमचा. उजवीकडचा २५५/७५ आर १७, रँग्लर रुबिकॉनचा. उंची जवळपास सारखी: एक ८१२ मिलिमीटर, दुसरा ८१४. आता मधला आकडा बघा. तो म्हणजे साइडवॉलची उंची, टायरच्या रुंदीच्या टक्केवारीत. २८५ चे ४० टक्के म्हणजे ११४ मिलिमीटर. २५५ चे ७५ टक्के म्हणजे १९१. रिम आणि जमीन यांच्यामध्ये एकीकडे साडेचार इंच रबर, दुसरीकडे साडेसात. बाकी सगळी जागा रिमने खाल्ली.

हे तीन इंच कशाला लागतात? हवा कमी करायला. रस्त्यावर आपण ३३ ते ३५ पीएसआय ठेवतो. चिखल, वाळू, सुटे दगड लागले की ती १८ ते २० वर आणायची. टायर बसतो, जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो, अडीच टनांचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि रबर दगडाला कवटाळून धरतं. १५ च्या खाली मात्र जाऊ नका, वळताना टायरची बीड, म्हणजे रिमला घट्ट बसणारी कड, रिमवरून सुटते. आता डावीकडच्या टायरमधली हवा १८ वर आणून बघा. पहिल्याच धारेच्या दगडावर साइडवॉल रिम आणि दगडाच्या कात्रीत सापडते. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. घाटात दरड कोसळून ताजा फुटलेला काळा दगड हातानेही जपून उचलावा लागतो. ट्रेडमधलं, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यातलं, भोक प्लगने बुजतं. साइडवॉल फाटली की टायर संपला. म्हणून या गाडीचा मालक हवा कमी करत नाही, ३५ वरच चिखलात शिरतो आणि रुततो. मग बोल लावतो गाडीला.

यातली माझी खरी तक्रार स्टेपनीबद्दल आहे. तीस किलोमीटरवर पंक्चरवाला नाही अशा ठिकाणी जायची गाडी, आणि बूटच्या, म्हणजे डिकीच्या, तळाशी निघतो ८० किलोमीटरची वेगमर्यादा लिहिलेला सडपातळ स्पेस सेव्हर. काही गाड्यांत तोही नाही, सीलंटची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर. सीलंट साइडवॉलच्या चिरेला काही करू शकत नाही. स्पेस सेव्हरचा व्यास वेगळा असेल तर पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारा क्लच सतत घसटत राहतो आणि तापतो. विक्रेते मैदानावर लोखंडी रॅम्प मांडून एक चाक हवेत लटकवून दाखवतात, लोक टाळ्या वाजवतात. त्या कोरड्या, गुळगुळीत लोखंडावर परीक्षा फक्त इलेक्ट्रॉनिक्सची होते. टायरची होतच नाही. गाडी बुक करण्याआधी बूटमधली फळी उचलायला सांगा आणि स्टेपनीचं माप स्वतः वाचा.

मग मोठे टायर टाकले की झालं का? इथे मला रेंज रोव्हरचाच इतिहास सांगायचा आहे, कारण तो या प्रश्नाचं उत्तर आहे. १९७० साली ती आली तेव्हा तिच्या रिम १६ इंची होत्या. साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन, कायमची फोर व्हील ड्राइव्ह, लो रेंज, चारही चाकांना कॉइल स्प्रिंग. १९७१ च्या डिसेंबरात ब्रिटिश सैन्याच्या मोहिमेतल्या अशा दोन गाड्या अलास्कातून निघाल्या, दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत जायला. मधे पनामा आणि कोलंबियाच्या हद्दीवर डेरिएन गॅप. रस्ताच नाही, नुसती दलदल, नद्या आणि जंगल. जॉन ब्लॅशफर्ड-स्नेल यांच्या नेतृत्वाखाली तो टप्पा ओलांडायला शंभरेक दिवस लागले. दलदलीसाठी गाड्यांना खास भलेमोठे टायर लावले होते आणि वर सामान खच्चून भरलेलं. मोठ्या टायरला फिरवायला जास्त जोर लागतो. तो चिखलात अडकला आणि इंजिनाने रेटलं की सगळा ताण ॲक्सलच्या आत, डिफरन्शियलच्या दात्यांवर येतो. डिफरन्शियल फुटत गेले. शेवटी कारखान्याचा अभियंता आणि सुटे भाग तिथवर न्यावे लागले. गाडी तीच, इंजिन तेच, चालवणारे कसलेले सैनिक. टायर बदलला आणि त्यामागची साखळी तुटली.

तेव्हा व्यास वाढवायचा नाही. व्यास तोच ठेवून रिम लहान करायची. पुढच्या ब्रेकच्या डिस्क आणि कॅलिपरवरून जी सर्वांत लहान रिम बसते आणि जिला कंपनीची मंजुरी आहे, ती घ्या. लँड रोव्हर डिफेंडरला बऱ्याच इंजिनांबरोबर १८ किंवा १९ इंची मिळते. विक्रेता २० किंवा २२ सुचवेल, कारण फोटोत ती बरी दिसते. ठाम राहा.

आणि टायर कितीही चांगले असोत, सड्यांवर आणि गवताळ पठारांवर गाडी घालू नका. तिथे मातीचा थर पातळ असतो. एका चाकोरीने पाण्याची वाट बदलते आणि पावसाळी फुलांची जागा जाते.

चिठ्ठी आली आहे, थोडीच मिनिटं उरलीत. उरलेलं भराभर सांगतो.

साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं. एक चाक हवेत गेलं की त्याला फिरायला जोर लागत नाही, म्हणून दुसऱ्यालाही मिळत नाही. आलिशान गाड्या फिरत्या चाकाला ब्रेक लावून यातून वाट काढतात. चालक इथे चुकतो: चाक फिरलं की घाबरून पाय काढतो. ॲक्सिलरेटर १५०० ते २००० आरपीएमवर स्थिर धरा, दोन सेकंद थांबा, ब्रेक पकडतो आणि गाडी सरकते. लांब चढावर हे ब्रेक तापतात आणि संगणक मदत काढून घेतो. डिफरन्शियलला लॉक असेल तर दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात, त्याला ती अडचण नाही. १९७९ पासूनच्या जी-क्लासचं आजचं मॉडेल तीन लॉक घेऊन येतं, रुबिकॉन दोन, आणि आपली फोर्स गुरखाही दोन.

लो रेंज रुबिकॉनमध्ये ४:१, म्हणजे जोर चौपट; मारुती जिम्नीत २:१, म्हणजे दुप्पट. ती नसलेल्या गाडीत चढाला गिअरबॉक्स तापतो आणि उताराला ब्रेक. मागची किंवा पुढची चाकं गरजेपुरती जोडणारा क्लचही तापून सुटतो. डॅशबोर्डवर इशारा आला की इंजिन चालू ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा.

एअर सस्पेन्शनवर डिफेंडर ११० ची जमिनीपासूनची उंची २९१ मिलिमीटर होते. गाडी न घासता किती तीव्र चढ-उतार पार होतो ते सांगणारे कोन असे: पुढचा ३८ अंश, पोटाखालचा २८, मागचा ४०. आकडे खरे आहेत. पण गाडी पूर्ण उचलली की चाकाला खाली जायला जागा कमी उरते आणि ते लवकर लटकतं. खोल चाकोऱ्यांत एक पायरी खाली ठेवा.

ओढून काढताना बंपरमध्ये स्क्रू करायच्या हुकाला झटक्याचा दोर लावू नका. तो हुक गाडी ट्रकवर चढवण्यापुरता असतो. तुटला तर गोळीसारखा येतो. ओढण्याचा ताण सोसणारे रेटेड पॉइंट कुठे आहेत ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा, दोरावर ओली गोधडी टाका, माणसं लांब उभी करा.

डिफेंडरसारख्या गाडीसाठी कंपनी सांगते ते पाण्याच्या खोलीचं ९०० मिलिमीटर हे माप संथ पाण्याचं. वाहता ओढा गुडघ्यावर असेल तर गाडी घालूच नका. इतर पाण्यात उतरायचं असेल तर आधी काठीने तळ चाचपा, मग लो रेंजमध्ये एकाच वेगाने, पुढे उठणाऱ्या लाटेच्या मागे राहून जा. गरम डिफरन्शियल गार पाण्यात बुडलं की आत हवा आकसते आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची नळी) किंवा सीलमधून पाणी ओढलं जातं. घरी आल्यावर डिफरन्शियलचा लेव्हल प्लग (ऑइलची पातळी तपासायचं बूच) उघडा, ऑइल बोटावर घेऊन बघा. दुधाळ दिसलं तर सर्व्हिसची वाट न बघता त्याच आठवड्यात बदला.